टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, थकवा त्याचाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३६, आठ वर्षांपासून अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे पाठीच्या मणक्यांचा संधिवात, आणि त्याच्याशी जोडलेला एचएलए-बी२७ जीन पॉझिटिव्ह. सल्फासॅलाझिन आणि एटोरिकॉक्सिब चालू आहे, शिवाय गावाकडच्या डॉक्टरांनी दिलेली प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी १० मिलीग्रॅम गेलं दीड वर्ष रोज चालू आहे. अंगात त्राणच नसतं, रविवार अख्खा झोपून काढला तरी सोमवारी तेच, लैंगिक इच्छा पण कमी झालीय, आणि जिममधल्या मित्राने सांगितलं म्हणून दुपारी चार वाजता जाऊन रक्त दिलं तर टेस्टोस्टेरॉन २३८ (नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) आलं, मित्र म्हणतोय इंजेक्शन घे, महिन्याभरात माणसात येशील. तर घेऊ का? आणि अगदी शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की लग्नाला दोन वर्षं झाली, मूल हवंय, अजून राहत नाहीये.

मी बावीस वर्षं संधिवाताचे पेशंट बघतोय, आणि तुमची ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मग. इंजेक्शन आत्ता घेऊ नका. आणि हे सगळं वाचून प्रेडनिसोलोनची भीती वाटली तरी ती आपल्या मनाने एकदम बंद करू नका, एक दिवससुद्धा नाही. ते का ते पुढे येईलच.

आधी थकव्याबद्दल, कारण पुरुष पेशंट हे बोलतच नाहीत. ओपीडीत येतात, पाठ किती आखडते, सकाळी किती वेळ लागतो सुटायला, हे सगळं सांगतात, आणि उठून दारापर्यंत गेले की बायको मागे वळून म्हणते, डॉक्टर, हे घरी आल्यावर जेवतसुद्धा नाहीत, तसेच आडवे होतात. माझ्याही सुरुवातीच्या काळात मी याकडे नीट लक्ष दिलं नाही, सांधे बरे दिसले की पेशंट बरा असं धरून चालायचो आणि त्यात काही लोकांचं मी नुकसान केलं असं मला आज वाटतं. तुमच्या आजाराची तीव्रता मोजायला आम्ही बासडाय नावाची जी प्रश्नावली वापरतो, इंग्लंडमधल्या बाथ शहरात १९९४ साली तयार झालेली, तिच्यातला पहिलाच प्रश्न थकव्याचा आहे. पाठदुखीचा दुसरा. म्हणजे थकवा हा या आजाराचाच भाग आहे, तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही आणि आळस तर अजिबात नाही.

आता तो २३८ चा आकडा. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं, पहाटेपासून सकाळपर्यंत सगळ्यात जास्त असतं आणि मग उतरत जातं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत दुपारी चारचा आकडा सकाळी आठच्या मानाने २० ते २५ टक्के कमी येतो, म्हणजे तुमचाच सकाळचा आकडा तीनशेच्या आसपास असू शकतो आणि मग ही सगळी चर्चाच बदलते. दुसरं, तुम्ही जेवून गेला होतात. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायला देऊन बघितलंय तर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सरासरी २५ टक्क्यांनी खाली जातं, मग भरपेट जेवणानंतरचा रिपोर्ट काय सांगणार. तिसरं, त्या आठवड्यात ताप-सर्दी होती किंवा पाठ भडकलेली होती का? आजारपणात हे हार्मोन पडतंच. म्हणून नियम असा आहे की सकाळी सात ते दहाच्या मधे, उपाशीपोटी, रात्रीची झोप नीट झालेली असताना, बाकी कुठलं आजारपण नसताना रक्त द्यायचं, आणि कमी आलं तर काही दिवसांनी परत तसंच द्यायचं. दोन्ही वेळा कमी आलं तरच कमी. पहिल्यांदा कमी आलेल्या बऱ्याच जणांचं दुसऱ्यांदा नॉर्मल येतं हे मी सारखं बघतो. कमी म्हणजे किती, तर अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०१८ मधे २६४ ची रेषा धरली, तिथलेच युरॉलॉजीवाले ३०० धरतात, तेव्हा २९० आलं म्हणून कुणी घाबरायचं कारण नाही.

अजून एक गोष्ट जी लॅबवाले सांगत नाहीत. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं, त्यातलं एक एसएचबीजी. वजन वाढलं, पोट सुटलं, शुगर वाढायला लागली की हे एसएचबीजी कमी होतं, स्टेरॉइडनेही कमी होतं, आणि मग एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसतं पण शरीराला वापरायला मोकळं असतं ते ठीकच असतं. तुम्ही दीड वर्षात ११ किलो वाढल्याचं लिहिलंय. म्हणून सोबत एसएचबीजी करून त्यावरून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढायचं. ‘फ्री टेस्टोस्टेरॉन’ म्हणून जी स्वस्तातली थेट टेस्ट बऱ्याच पॅकेजमधे असते तिच्यावर मी विसंबत नाही. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा, काही मशीनवर त्याने हार्मोनचे आकडे चुकतात, थायरॉइडचे पण.

बरं, समजा सकाळी उपाशीपोटी दोनदा करून पण खरंच कमी आलं. तरी पुढचा प्रश्न ‘किती द्यायचं’ हा नाही, ‘का कमी झालं’ हा आहे. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो, पिट्युटरी एलएच नावाचं हार्मोन सोडते, ते एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना सांगतं की टेस्टोस्टेरॉन बनवा. अंगात सूज धुमसत असते तेव्हा टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही जी रसायनं तुमची पाठ आखडवतात तीच वर मेंदूतला निरोप पण दाबतात आणि खाली लायडिग पेशींचं काम पण मंद करतात. शरीराच्या दृष्टीने बघितलं तर त्याला घरात आग लागलीय, ते आधी आग विझवणार, वंश वाढवायचं नंतर बघणार. आमवाताच्या पुरुषांत टेस्टोस्टेरॉन कमी सापडतं हे जुनं निरीक्षण आहे. म्हणजे बहुतेक वेळा कमी टेस्टोस्टेरॉन आणि थकवा ही दोन्ही एकाच सुजेची पोरं असतात, एक दुसऱ्याचं कारण असतंच असं नाही. म्हणून टेस्टोस्टेरॉनसोबत त्याच दिवशी सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी तपासणी, करा.

मग कुणी म्हणेल कारण काही असो, भरून काढायला काय हरकत. हे करून बघितलेलं आहे. १९९६ साली आमवाताच्या ३५ पुरुषांवर नऊ महिने अभ्यास झाला, काहींना दर महिन्याला २५० मिलीग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट आणि काहींना नुसतं खोटं इंजेक्शन. आजाराच्या जोरावर काही फरक पडला नाही. थकव्यासाठी सगळ्यात मोठा आणि नीट झालेला अभ्यास म्हणजे अमेरिकेतले टेस्टोस्टेरॉन ट्रायल्स, २०१६ मधे निकाल आले, ६५ च्या पुढचे ७९० पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन २७५ च्या खाली. एक वर्ष जेल लावून लैंगिक इच्छा आणि क्षमता सुधारली, मूड थोडा सुधारला, पण थकव्याच्या मुख्य मोजमापात ठळक फायदा दिसला नाही. ते तुमच्यापेक्षा खूप मोठे होते हे खरं, पण ‘महिन्याभरात माणसात येशील’ असं सांगायला कुणाकडे आधार नाही एवढं नक्की.

आणि आता तुमची शेवटची ओळ. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो एलएच आणि त्याच्या जोडीचं हार्मोन एफएसएच बंद करतो, आणि वृषणातली शुक्राणू बनवायची यंत्रणा थांबते. हे इतकं भरवशाचं आहे की डब्ल्यूएचओने आठवड्याला २०० मिलीग्रॅम देऊन पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याचा अभ्यास केला होता, १९९० मधे तो छापून आला. मूल हवं असणाऱ्या जोडप्यातल्या पुरुषाला हे इंजेक्शन देणं म्हणजे त्याला नकळत गर्भनिरोधक देणं. बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात पण महिने जातात, काहींचं वर्षाच्या वर जातं. माझ्याकडे असे दोन-तीन जण येऊन गेलेत, कुणी जिममधून घेतलेलं, कुणी दवाखान्यातून, आणि एकालाही कुणी आधी विचारलं नव्हतं की बाबा, मूल हवंय का.

यातच तुमच्या सल्फासॅलाझिनचं सांगतो कारण ते बहुधा तुम्हाला कुणी बोललेलं नाही. या गोळीने शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते. कायमचं नुकसान नाही, गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतं, कारण नवीन शुक्राणू तयार व्हायला तेवढाच काळ लागतो. सगळ्यांना होत नाही, म्हणून मूल हवं असणाऱ्या प्रत्येकाची मी ती थांबवत नाही, पण तुमच्यासारखी दोन वर्षं गेली असतील तर आधी वीर्यतपासणी करतो आणि ती कमी आली तर औषध बदलतो. तसंही फक्त पाठीच्या मणक्यांच्या दुखण्यात सल्फासॅलाझिनचा उपयोग थोडाच, गुडघा-घोटा सुजत असेल तर जास्त. पत्नीच्या तपासण्या सुरू करून बसला असाल तर आधी ही एक साधी तपासणी करून घ्या, आपल्याकडे अजून सगळा दोष बाईकडे जातो आणि पुरुषाची बाटली लॅबपर्यंत पोचतच नाही.

आता प्रेडनिसोलोन. माझ्या मते तुमच्या थकव्याची खरी चावी इथे असू शकते, म्हणून जरा सावकाश वाचा.

पहिली गोष्ट, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमधे तोंडाने रोज स्टेरॉइड देणं मुळात शिफारशीत बसत नाही, आमवातात थोड्या काळासाठी देतात तसं इथे नाही. दुसरी गोष्ट, आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर ज्या ॲड्रिनल ग्रंथी आहेत त्या रोज कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात, साधारण ४ ते ६ मिलीग्रॅम प्रेडनिसोलोनइतकं. तुम्ही बाहेरून रोज दुप्पट देताय, दीड वर्ष. तीन-चार आठवड्यांच्या पुढे असं चाललं की ग्रंथी झोपी जाऊ शकतात. मग ज्या दिवशी गोळी चुकते, उलटी होऊन पडते, किंवा कुणीतरी डोस झपकन कमी करतो त्या दिवशी माणूस अक्षरशः गळून जातो. तिसरी, हीच गोळी मेंदूतला एलएचचा निरोप पण दाबते, म्हणजे तुमचं टेस्टोस्टेरॉन कमी असण्यात हिचा वाटा असायची शक्यता भरपूर. शिवाय झोप उडवते, शुगर वाढवते, आणि मांड्यांचे स्नायू बारीक करते. एक करून बघा, उकिडवं बसून हाताचा आधार न घेता उठता येतं का. नाही आलं तर तो नुसता थकवा नाही, स्नायू अशक्त झालेत, आणि हे टेस्टोस्टेरॉनच्या कुठल्याच रिपोर्टमधे दिसणार नाही.

याची आठवण म्हणून एक शेतकरी पेशंट सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पन्नाशीचे, आमवात, कुठल्यातरी गावातून महिन्याला पुड्या आणायचे, ‘जडीबुटीच्या आहेत, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून दिलेल्या. चेहरा गोल झालेला, हातावर काळेनिळे डाग. पावसाळ्यात रस्ता बंद झाला, पुड्या संपल्या, आठ-दहा दिवसांत उभं राहिलं की चक्कर, मळमळ, जेवण बंद, बीपी ८० च्या आत. घरच्यांना वाटलं अशक्तपणा आहे, सलाईन लावलं, टॉनिक दिलं. सकाळचं कॉर्टिसोल केलं तर जवळजवळ नव्हतंच. पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असणार हे उघड होतं. हायड्रोकॉर्टिसोनचं १०० मिलीग्रॅमचं इंजेक्शन दिलं आणि संध्याकाळपर्यंत माणूस उठून बसून चहा मागायला लागला. त्यांचं पण टेस्टोस्टेरॉन कुणीतरी करून ठेवलेलं होतं आणि ते पण कमीच होतं, आणि कागदावर थकव्याचं कारण म्हणून तेच लिहिलेलं होतं.

तेव्हा तुमचं काय करायचं, तर संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली आधी मूळ आजाराला चांगलं औषध द्यायचं आणि मग प्रेडनिसोलोन हळूहळू उतरवायचं, ५ पर्यंत काही आठवड्यांत आणि त्याच्या खाली तर फारच सावकाश, महिन्याला एकेक मिलीग्रॅम. ५ किंवा त्याखाली आल्यावर सकाळी आठच्या सुमारास, आदल्या दिवशीच्या गोळीला २४ तास झालेले असताना, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी कॉर्टिसोल करायचं. २०२४ मधे युरोप आणि अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायट्यांनी मिळून जे ठरवलं त्याप्रमाणे १० मायक्रोग्रॅमच्या वर आलं तर ग्रंथी जागी झाली असं धरतात, ५ च्या खाली आलं तर अजून झोपलीय, गोळी चालू ठेवून काही महिन्यांनी परत बघायचं, आणि मधलं आलं तर थोडं थांबून पुन्हा. उतरवताना थोडं अंग दुखतं, मरगळ येते, ते आधीच माहीत असलं की माणूस घाबरत नाही. पण उलट्या, उभं राहिल्यावर अंधारी, बीपी कमी, असं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं आणि पहिलं वाक्य हेच सांगायचं की मी दीड वर्ष स्टेरॉइडवर होतो. पाकिटात तसा कागद लिहून ठेवा, घरच्यांना पण सांगून ठेवा. ताप आला किंवा ऑपरेशन ठरलं तर त्या दिवसांत डोस वाढवावा लागतो, तो किती ते तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

चांगलं औषध म्हणजे, एटोरिकॉक्सिबने भागत नसेल तर टीएनएफ दाबणारी इंजेक्शनं, अडालिमुमॅबसारखी. २०१४ पासून अडालिमुमॅबचं भारतीय कंपन्यांनी बनवलेलं रूप मिळतंय त्यामुळे पूर्वीसारखं ते फक्त श्रीमंतांचं राहिलं नाही, तरी खर्च आहेच. सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करायचीच, त्यात टाळाटाळ नको. टीबी लपून बसलेला असला तर या औषधांनी वर येतो, आणि आपल्या देशात टीबी ॲड्रिनल ग्रंथीत बसून ती खाऊन टाकतो हे पण एक थकव्याचं कारण आहे, विसरू नये असं. सूज आटोक्यात आली की बऱ्याच जणांचा थकवा कमी होतो, पूर्ण नाही जात, पण माणूस संध्याकाळी पोराशी खेळण्याइतका उरतो.

बाकीची कारणं भराभर सांगतो कारण ती साधी आहेत आणि तुमच्या रिपोर्टात अर्धी दिसत नाहीत. टीएसएच करा, एक ऑटोइम्यून आजार असला की थायरॉइडचा सोबत असायची शक्यता वाढते. हिमोग्लोबिन बघा, आणि फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) वाचताना जपून, सूज असली की फेरिटिन खोटं वाढतं, ६०-७० आलं म्हणजे लोह पुरेसं आहे असं नाही, सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली असेल तर लोह कमीच समजायचं. तुम्ही शाकाहारी असाल तर बी१२. दुखण्यासाठी ट्रामाडॉल घेताय का, आपल्याकडे ती गोळी सर्रास दिली जाते आणि त्या, म्हणजे अफूच्या जातीच्या, गोळ्या रोज घेतल्या की टेस्टोस्टेरॉन पाडतात, शिवाय सुस्ती. रात्री घोरता का आणि मधे श्वास अडकतो का हे पत्नीला विचारा, ११ किलो वाढलेत म्हणून म्हणतोय, स्लीप ॲप्निया असेल तर त्याने टेस्टोस्टेरॉन पण कमी होतं आणि वरून टेस्टोस्टेरॉन दिलं तर ॲप्निया बिघडू शकतो. आणि मन. रोज दुखणारा माणूस उदास होतो, पुरुष तर ते चिडचिडीतून दाखवतात, त्याला औषध आहे आणि ते घेण्यात काही कमीपणा नाही.

कुणालाच टेस्टोस्टेरॉन लागत नाही असं मी म्हणत नाहीये. सकाळच्या उभारी बंद झाल्या, दाढी आधी रोज करावी लागायची ती आठवड्यावर गेली, छाती सुजल्यासारखी झाली, वृषण लहान झाले, हाडं ठिसूळ निघाली, ही लक्षणं थकव्यापेक्षा जास्त नेमकी आहेत. अशा वेळी एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन) बघायचं. एलएच जास्त आणि टेस्टोस्टेरॉन कमी म्हणजे बिघाड वृषणातच. ल्युपस या ऑटोइम्यून आजाराच्या एका तरुणाकडे मला असंच दिसलं, उंच, वृषण अगदी छोटे आणि घट्ट, आणि क्रोमोसोमची तपासणी केली तर ४७ एक्सएक्सवाय, म्हणजे एक एक्स क्रोमोसोम जास्तीचा, याला क्लाइनफेल्टर म्हणतात. पुरुषांत ल्युपस मुळात कमी, पण २००८ मधे असं दिसून आलं की ल्युपसच्या पुरुषांत क्लाइनफेल्टर इतर पुरुषांच्या मानाने चौदापट आढळतं. त्याला टेस्टोस्टेरॉनची खरी गरज होती, एंडोक्रिनॉलॉजिस्टने दिलं आणि त्याचा फायदा झाला. पण एलएच कमी किंवा नॉर्मल आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल, आणि मला वाटतं तुमचं तसंच निघेल, तर बिघाड वरून येतोय, आणि वरचं दडपण सूज, स्टेरॉइड, वजन यांनी आलंय का ते आधी काढून बघायचं. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल किंवा टेस्टोस्टेरॉन १५० च्या खाली असेल तर पिट्युटरीचा एमआरआय. मूल हवं असताना टेस्टोस्टेरॉन वाढवायचंच झालं तर बाहेरून न देता वृषणालाच चालना देणारी औषधं असतात, ते एंडोक्रिनॉलॉजिस्ट ठरवेल. आणि उद्या कधी घ्यायची वेळ आलीच तर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) तपासत राहायचं, ५४ च्या वर गेलं की थांबवायचं, रक्त घट्ट होतं.

व्यायामाचं सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण थकलेल्या माणसाला ‘व्यायाम कर’ म्हणणं दुष्टपणाचं वाटतं. पण २०२२ मधे इंग्लंड-स्कॉटलंडमधे संधिवाताच्या पेशंटवर एक अभ्यास झाला त्यात फक्त फोनवरून, प्रत्येकाला झेपेल असा व्यायाम हळूहळू वाढवत नेला, आणि काहींना फोनवरूनच समुपदेशन दिलं, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा थकवा कमी झाला आणि तो फरक उपचार संपल्यावरही टिकला. जिममधे जाऊन वजनं उचला असं नाही म्हणत. सकाळी गरम पाण्याने अंघोळ करून पाठीचे ताण, मग दहा मिनिटं चालणं, पुढच्या आठवड्यात बारा. बऱ्या दिवशी चार दिवसांचं काम एकदम उरकायला जाऊ नका, तिथेच लोक फसतात आणि पुढचे तीन दिवस अंथरुणाला खिळतात.

तर येत्या आठवड्यात, पाठ जरा बरी असेल अशा एका दिवशी सकाळी आठला उपाशी जाऊन टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, टीएसएच, सीआरपी, हिमोग्राम, लोह, बी१२ आणि साखर एवढं एकाच टोचणीत करून घ्या. कॉर्टिसोल आत्ता नको, १० मिलीग्रॅम चालू असताना त्या आकड्याला अर्थ नाही. वीर्यतपासणी वेगळी, तिच्या आधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेलं नसावं. रिपोर्ट आले की आकड्यांसकट पाठवा, आणि सोबत हे पण लिहा की उकिडवं बसून उठता आलं का.